चार दिवसांची रजा, गुलमर्गचा उतार

मनोरीच्या धक्क्यावरून सकाळची पहिली फेरीबोट पकडली, मार्वेला उतरून मालाडमार्गे विमानतळ गाठला आणि श्रीनगरच्या विमानात जागा मिळाली, तर अंधार पडायच्या आत माणूस गुलमर्गला पोहोचलेला असतो. तीनेक तासांचं उड्डाण आणि पुढे पन्नासेक किलोमीटरचा रस्ता. अंतर फारसं नाही, पण उंचीचा हिशेब मांडला की दिवसभरात काय घडलं ते कळतं. मनोरी भरतीच्या पाण्याला टेकलेलं गाव. श्रीनगर साधारण १,५८५ मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा (१,६४६ मीटर) जेमतेम साठ मीटर खाली एक अख्खं शहर वसलेलं आहे. गुलमर्ग त्याच्याही हजारभर मीटर वर, २,६५० मीटरवर. सकाळी खाडीवर खारा वारा खाल्लेली फुप्फुसं संध्याकाळी कळसूबाईच्या कितीतरी वर, पातळ हवेत काम करत असतात.

एवढा खटाटोप स्कीइंगसाठी, आणि तोही एकट्यानं, शनिवार-रविवारला जोडलेल्या दोन-तीन दिवसांच्या रजेत. गेल्या काही वर्षांत मुंबईच्या उपनगरांतून असे प्रवासी निघू लागले आहेत. कुणी आयटीत, कुणी बँकेत, कुणी नुकतंच कॉलेज संपवलेलं. ट्रेकचा ग्रुप असतो, पण ग्रुपमधल्या सगळ्यांची रजा एकाच आठवड्यात मंजूर होणं हे दुर्मीळ. मग एकटंच निघायचं. प्रश्न इतकाच की एवढ्या थोड्या दिवसांत स्कीइंग येतं का?

उपनगराला बर्फाचं आकर्षण तसं जुनं. मनोरी ज्या बेटावर आहे त्याला धारावी बेट म्हणतात (माहीमजवळची धारावी वेगळी). त्याच बेटावर गोराईच्या बाजूला १९८९मध्ये एस्सेल वर्ल्ड उभं राहिलं, आणि तिथल्या आइस स्केटिंग रिंकवर मुंबईतल्या एका पिढीनं आयुष्यात पहिल्यांदा बर्फावर आपटी खाल्ली. ते पार्क आता बंद झालंय. कुर्ल्याच्या मॉलमध्ये कृत्रिम बर्फाचं दालन आलं, तिथे जाड कोट भाड्यानं घेऊन मुलं बर्फाचे गोळे फेकतात. मात्र रिंकवरच्या सपाट बर्फाचा आणि डोंगरउतारावरच्या बर्फाचा संबंध तसा नावापुरताच. रिंकवर आपण जोर लावला तर पुढे जातो. उतारावर पुढे न्यायचं काम डोंगरच करतो, आपल्याला शिकायचं असतं ते थांबायला.

भारतात स्कीइंगची नावं मोजकीच आहेत. हिमाचलात मनालीजवळचं सोलंग, उत्तराखंडात जोशीमठच्या वरचं औली आणि काश्मिरात गुलमर्ग. सोलंगला मुंबईहून पोहोचण्यातच दीड-दोन दिवस जातात. चंडीगडपर्यंत विमान, पुढे रात्रभर बस. औलीचा उतार देखणा आहे, समोर नंदादेवी दिसते, आणि २०११मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांचे स्की सामने तिथेच झाले. पण डेहराडूनहून जोशीमठ म्हणजे गाडीचा पूर्ण दिवस. शिवाय जानेवारी २०२३मध्ये जोशीमठची जमीन खचू लागली, घरांना तडे गेले आणि जोशीमठ-औली रोपवे बंद करावा लागला. थोड्या रजेच्या माणसाकडे वेळ हेच भांडवल, म्हणून त्याच्यासाठी निवड आपोआप गुलमर्गवर येते. तिथे रस्ता जवळचा, बर्फ जाड आणि भाड्याचं सामान व शिकवणारी माणसं मुबलक.

ही माणसं तिथे आली कशी, याची गोष्ट इंग्रजांपासून सुरू होते. उन्हाळ्यात गोल्फ खेळायला गुलमर्गला येणाऱ्या अंमलदारांना हिवाळ्यातला उतारही दिसला आणि १९२७मध्ये तिथे स्की क्लब ऑफ इंडिया सुरू झाला. वीस वर्षांनी साहेब गेले, क्लबातली मेजवानी संपली, पण बर्फाचं काम वाढलं. १९४८च्या काश्मीर युद्धात जनरल थिमय्यांनी १ नोव्हेंबरला झोजीला खिंडीच्या उंचीवर रणगाडे चढवले. बर्फात लढायचं तर बर्फावर चालता-घसरता आलं पाहिजे, हे सैन्याला पुरतं उमगलं होतं. त्याच वर्षी डिसेंबरात थिमय्यांच्याच पुढाकारानं १९व्या डिव्हिजनची स्की शाळा गुलमर्गला उघडली. आज ती हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल म्हणून ओळखली जाते. साठच्या दशकाच्या अखेरीस केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याची नागरिकांसाठीची संस्था आली, आताची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग. मग गोंडोला (केबल-कार) आला. त्याचा पहिला टप्पा १९९८मध्ये सुरू झाला, कोंगडूरीपर्यंत, ३,०८० मीटरच्या आसपास. दुसरा २००५मध्ये, अफरवत डोंगराच्या खांद्यापर्यंत, चार हजार मीटरच्या जवळ.

या सगळ्यात गुलमर्गच्या पायथ्याच्या तंगमर्ग परिसरातल्या पोरांनी लाकडी फळ्या पायाला बांधून घसरायला सुरुवात केली ती केलीच. त्यातलाच एक आरिफ खान. वडिलांचं गुलमर्गला स्कीच्या सामानाचं दुकान, मुलगा चौथ्या वर्षी बर्फावर. २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताच्या पथकात खेळाडू म्हणून तो एकटाच होता. जायंट स्लॅलममध्ये तो ४५वा आला. त्याआधी १९६४ साली इन्सब्रुकला पोलिश वंशाचे जेरेमी बुजाकोव्स्की भारतातर्फे उतरले होते, तर १९८८मध्ये कॅलगरीला शैलजा कुमार ही हिवाळी ऑलिम्पिकमधली पहिली भारतीय महिला ठरली. मनालीची आंचल ठाकूर २०१८मध्ये तुर्कस्तानातल्या स्पर्धेत कांस्यपदक घेऊन आली, तेव्हा आंतरराष्ट्रीय स्की स्पर्धेत भारताचं नाव पदकावर प्रथमच लागलं. नावं थोडीच आहेत. पण गुलमर्गला सकाळी जो इन्स्ट्रक्टर समोर उभा राहतो, तो याच मातीतला, चालायला शिकल्यावर लगेच घसरायला शिकलेला असतो, हे लक्षात ठेवलेलं बरं.

गुलमर्गच्या गाडीतळावर उतरलं की पहिली दहा मिनिटं प्रश्नांचा मारा असतो. स्लेज हवी का, घोडा हवा का, स्की हवी का, एक तासाची, फोटोसकट. ही एक तासाची स्की म्हणजे भाड्याचे जुने बूट, हाताला धरून चालवणारा माणूस, दोन-तीन वेळा पाचपन्नास फूट घसरणं आणि मोबाइलवर एक व्हिडिओ. सहकुटुंब आलेल्यांसाठी ते मजेचं आहे, आणि तिथल्या माणसाचा हंगाम उणापुरा तीन महिन्यांचा, त्यानं तो का सोडावा? पण मुंबईहून खास शिकायला आलेल्यानं याला बळी पडू नये. त्यानं पहिल्या संध्याकाळीच, हॉटेलवाल्याकडून किंवा सामानाच्या दुकानातून, परवानाधारक इन्स्ट्रक्टर पूर्ण दिवसांसाठी ठरवावा, आणि तोच माणूस रोज येईल हे बोलून घ्यावं. रोज नवा शिक्षक म्हणजे रोज पहिला धडा.

दुसऱ्या दिवशी सकाळी खरी गाठ पडते ती बुटाशी. ट्रेकिंगचे बूट वापरणाऱ्याला स्कीचा बूट म्हणजे शिक्षाच वाटते. बाहेरून टणक प्लॅस्टिकचं कवच, आत मऊ अस्तर, समोर चार क्लिपा. घोटा जराही वळत नाही, आणि तो वळू नये म्हणूनच बूट तसा बनवलेला असतो. माप बघायची पद्धत साधी आहे. ताठ उभं राहिलं की अंगठा पुढे टेकला पाहिजे, आणि गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर दाबली की अंगठा मागे सरकला पाहिजे. ताठ उभं राहूनही पुढे जागा उरत असेल तर बूट मोठा आहे. नवखा माणूस थंडीच्या भीतीनं दोन-दोन मोजे चढवतो, पँट बुटात कोंबतो, मग तासाभरात नडगीवर वळ उठतात आणि बोटं उलट जास्त गार पडतात, कारण रक्त फिरायला वाव राहत नाही. मोजा एकच, लांब, लोकरीचा.

मग बाइंडिंग, म्हणजे बूट फळीला जोडणारी पकड. आधी पंजा पुढच्या खाचेत, मग टाच खाली दाबायची, खट् आवाज आला की बूट आणि फळी एक झाली. बाइंडिंग पाय धरून ठेवतं आणि वेळ आली की सोडतंही. पडताना फळी पायाला तशीच राहिली तर गुडघा पिळवटतो, म्हणून ठरावीक जोर आला की ते आपोआप सुटतं. तो जोर किती, हे वजन, बुटाची लांबी आणि कौशल्य बघून दुकानदार स्क्रूनं लावून देतो. त्यानं वजन विचारलं तर खरं सांगावं. आणि विचारलंच नाही, तर आपण होऊन सांगावं.

पहिला धडा सपाटीवर होतो, एकाच पायात फळी घालून. मग दोन्ही पायांत. मग उतारावर आडवं उभं राहून, फळ्यांच्या कडा बर्फात रोवत, एकेक पाऊल वर चढायचं. मग पडायचं आणि उठायचं. उठण्यातही शास्त्र आहे. फळ्या उताराला आडव्या आणि अंगाच्या खालच्या बाजूला आणल्याशिवाय उठायला गेलं, की फळ्या चालू लागतात आणि माणूस पुन्हा खाली. चाळिशीतल्या, चांगल्या पगाराच्या माणसाला तासाभरात दहा वेळा बर्फात लोळताना आणि शेजारून सात वर्षांचं पोर सुळकन जाताना बघणं हा गुलमर्गचा रोजचा देखावा आहे.

त्यानंतर येतो स्नो-प्लाउ. फळ्यांची टोकं पुढे जवळ, शेपट्या मागे फाकवलेल्या आणि दोन्ही गुडघे किंचित आत. शेपट्या जास्त फाकवल्या की आतल्या कडा बर्फ खरवडतात आणि वेग कमी होतो, सैल सोडल्या की वेग वाढतो. ब्रेक आणि गिअर दोन्ही हेच. वळायचं असेल तर ज्या बाजूला वळायचं तिच्या उलट पायावर भार टाकायचा. डावीकडे जायला उजवा पाय दाबायचा. डोक्याला हे पटतं, पण शरीर ऐकत नाही. उतार दिसला की भीतीनं माणूस मागे रेलतो, आणि तिथेच सगळं बिनसतं. मागे रेललं की फळ्यांच्या पुढच्या भागावरचा भार जातो, टोकं हलकी होतात आणि वळणं हातातून निसटतं. म्हणून इन्स्ट्रक्टर दिवसभर एकच वाक्य ओरडत असतो, आगे झुको, आगे झुको. या बाबतीत मनोरीच्या कोळ्याला अंधेरीच्या ऑफिसबाबूपेक्षा लवकर जमावं. लाटेवर हलणाऱ्या होडीत तो गुडघे सैल सोडून, कमरेखालून हलत, नजर पुढे ठेवून उभा असतो. ताठ राहिला तर पाण्यात पडेल, हे त्याच्या पायांना लहानपणापासून ठाऊक असतं.

तर तीन दिवसांत काय येतं? नेमानं सराव केला, तर पहिल्या दिवशी हवं तिथे थांबता येतं. दुसऱ्या दिवशी हलक्या उतारावर डावं-उजवं वळण जोडता येतं आणि वर नेणाऱ्या लिफ्टचा दांडा धरून न पडता चढता येतं. तिसऱ्या दिवशी प्रगती अडते. ती अडतेच, कारण मांड्या संपलेल्या असतात. सह्याद्रीत चढण्या-उतरण्यानं दम वाढतो, पण गुडघे वाकवून तासन्‌तास तोलून धरण्याची सवय तिथे होत नाही. त्यासाठी निघण्याआधी महिना-दीड महिना बैठका, जिने आणि भिंतीला पाठ टेकून खुर्चीच्या अवस्थेत बसण्याचा व्यायाम लागतो. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीपर्यंत चढून जाणं छान आहे, पण तेवढं पुरत नाही. स्कीइंगमधली नेहमीची दुखापत म्हणजे गुडघ्यातला एसीएल नावाचा अस्थिबंध तुटणं. थकलेला पाय उशिरा वळतो, म्हणून उन्हं कलताना, आता शेवटची एक फेरी म्हणून वर जाण्याचा मोह आवरलेला चांगला.

उंचीचाही वाटा असतो. साधारण अडीच हजार मीटरच्या वर काहींना विरळ हवेचा त्रास सुरू होतो. डोकं दुखतं, भूक मरते, झोप तुटते. समुद्रसपाटीवरून एका दिवसात गुलमर्गला चढलेल्याला हे पहिल्या रात्री जाणवलं तर नवल नाही. दुसऱ्या दिवशी लगेच चार हजार मीटरवर जायचा हट्ट धरला तर दुखणं वाढतं. पाणी पीत राहणं आणि पहिली संध्याकाळ निवांत काढणं हे यावरचे स्वस्त उपाय. डोळेही सांभाळावे लागतात. ताजा बर्फ अतिनील किरणांचा मोठा भाग परतवतो, म्हणून ढगाळ दिवशीही गॉगल आणि क्रीम लागतंच.

आता एकटेपणाबद्दल. एकटं जाण्याचे फायदे खरे आहेत. सहा मित्रांच्या टोळीत दोघांना स्लेजवर बसायचं असतं, एकाला मॅगी खायची असते, एकाची कमर धरलेली असते, आणि शिकायचा दिवस दुपारी बारापर्यंत वाट बघण्यातच जातो. एकट्याला इन्स्ट्रक्टर पूर्ण मिळतो. पडल्यावर हसणारं ओळखीचं कुणी नसतं, त्यामुळे तो जास्त पडतो आणि लवकर शिकतो. पण हा एकटेपणा हॉटेलात, जेवणाच्या टेबलावर, प्रवासात ठीक. बर्फावर तो घातक ठरतो.

याचं कारण गोंडोल्याच्या दुसऱ्या टप्प्यावर आहे. जगभरचे स्कीवाले गुलमर्गला येतात ते अफरवतच्या माथ्यावरच्या भुसभुशीत, न दाबलेल्या बर्फासाठी, ज्याला ते पावडर म्हणतात. तिथले बहुतेक उतार यंत्रानं दाबून सपाट केलेले नाहीत. तिथेच हिमस्खलन होतं. १ फेब्रुवारी २०२३ला अफरवतच्या उतारावर बर्फाचा लोंढा सुटला आणि पोलंडचे दोन स्कीपटू गेले. बाकीच्यांना स्थानिक गाइड, स्की पेट्रोल आणि पोलिसांनी बाहेर काढलं. वर्षभरानं, २२ फेब्रुवारी २०२४ला, पुन्हा तसंच झालं आणि एका रशियन स्कीपटूचा जीव गेला. ही नवशिकी माणसं नव्हती.

हिमस्खलनात गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर तो वाचण्याची शक्यता चांगली असते, पुढे ती झपाट्यानं घसरते. म्हणून वरच्या उतारावर जाणारे अंगावर बीकन बांधतात, पाठीवर फावडं आणि लांब सळई ठेवतात. बीकन म्हणजे सतत इशारा पाठवणारं छोटं यंत्र. पण तो इशारा पकडायला, सळई खुपसायला आणि बर्फ उपसायला दुसरा माणूस लागतो. एकट्यानं बांधलेलं बीकन बचावाच्या कामाचं नाही. तेव्हा थोड्या दिवसांच्या प्रवाशानं दुसरा टप्पा बघायला जरूर जावं, पायात फळ्या न घालता, आणि आल्या वाटेनं गोंडोल्यातूनच उतरावं. तिकीट आधी ऑनलाइन काढलेलं असावं, कारण हंगामात तिथे जाऊन ते मिळेलच असं नाही. शिकण्याचे तिन्ही दिवस खालच्या कुरणात घालवावेत, उन्हाळ्यात जिथे गोल्फ चालतो तिथे. इंस्टाग्रामवर ते कुरण किरकोळ दिसतं, तो भाग वेगळा.

बर्फ मात्र हवा तेव्हा मिळेल याची हमी नाही. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून अरबी समुद्रावरून येतो. काश्मीरचा बर्फ त्याहूनही लांबून, पार भूमध्य समुद्राकडून येतो. तिकडून निघालेले पश्चिमी झंझावात इराण-अफगाणिस्तान ओलांडून हिमालयाला धडकतात आणि तिथे बर्फ झोडपतो. काश्मिरी लोक हिवाळ्याचे कडाक्याप्रमाणे तुकडे पाडतात. २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस चिल्लई कलान, पुढचे वीस चिल्लई खुर्द, शेवटचे दहा चिल्लई बच्चा. चिल्लई कलानमध्ये पडलेला बर्फ टिकतो, असा तिथला हिशेब. हा हिशेब आता अधूनमधून चुकू लागलाय. जानेवारी २०२४मध्ये गुलमर्गची कुरणं पिवळी-करडी पडली होती, आणि बर्फ आला तो महिना सरतानाच. २०२५मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा २२ फेब्रुवारीला सुरू व्हायचा होता, तो बर्फाअभावी पुढे ढकलून ९ ते १२ मार्चला उरकावा लागला. त्यामुळे प्रजासत्ताक दिनाचा लाँग वीकएंड कितीही सोयीचा वाटला, तरी रजा फेब्रुवारीच्या मध्यावर टाकलेली जास्त फळते. तोवर पायाखाली थर साचलेला असतो.

बर्फ कमी पडला तरी त्रास आणि जास्त पडला तरी. श्रीनगर विमानतळावर मोठी बर्फवृष्टी झाली की विमानं रद्द होतात. तंगमर्ग ते गुलमर्ग हा तेराएक किलोमीटरचा घाट बर्फात चढायचा तर टायरला साखळ्या लागतात, साध्या गाड्या तंगमर्गलाच थांबवतात आणि पुढे स्थानिक सुमो किंवा जीप घ्यावी लागते. परतीच्या विमानाआधीची रात्र गुलमर्गऐवजी श्रीनगरला काढणं शहाणपणाचं. जून २०२५पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत धावते आहे, त्यामुळे आकाश बंद झालं तरी एक वाट उघडी राहते. कटऱ्याहून मुंबईला स्वराज एक्स्प्रेस आहे, पण ती दीड दिवस घेते, आणि तेवढी रजा शिल्लक आहे का हे बॉसला विचारावं लागतं.

एकट्यानं जाणाऱ्याला नेमकी नडते ती गोष्ट गाइडबुकात शेवटच्या पानावर असते. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मिरात चालत नाही, पोस्टपेड लागतं. ग्रुपमध्ये कुणा ना कुणाकडे ते असतं. एकटा माणूस श्रीनगरला उतरतो आणि फोन मुका झालेला असतो. ना टॅक्सीवाल्याला फोन, ना घरी निरोप. निघण्याआधी आठवडाभर कार्ड बदलून घेणं हा त्यावर उपाय. रोज कुठल्या उतारावर, कुणाबरोबर, किती वाजेपर्यंत, हे हॉटेलात आणि घरी सांगून ठेवावं. एप्रिल २०२५च्या पहलगाम हल्ल्यानंतर घरच्यांचा जीव तसाही टांगणीला लागलेला असतो, रोज संध्याकाळचा एक फोन त्यांचा हक्कच समजावा. विमा असेल तर त्यात स्कीइंग धरलंय का तेही बघावं. अनेक प्रवास विम्यांत ते बारीक अक्षरात वगळलेलं असतं.

कपड्यांवर उधळपट्टीची गरज नाही. जीन्स आणि सुती बनियन मात्र घरीच ठेवावी. सुती कापड भिजलं की सुकत नाही आणि अंग गार करतं. आतून लोकर किंवा सिंथेटिक, मध्ये स्वेटर, बाहेरून पाणी न शिरणारं जॅकेट आणि पँट. स्वेटर परळला हिवाळ्यात बसणाऱ्या तिबेटी विक्रेत्यांकडे चांगला मिळतो. बाहेरचा पोशाख गुलमर्गला भाड्यानं मिळतो, हातमोजे तेवढे स्वतःचे आणि दोन जोड्या घ्यावेत, कारण पहिली जोडी दुपारपर्यंत ओली झालेली असते. तंगमर्गला गाडी थांबताच भाड्यानं पुढे केले जाणारे गमबूट आणि फरचे कोट स्कीइंगच्या कामाचे नाहीत. फळ्या आणि बूट पहिल्याच हंगामात विकत घेणं हा शुद्ध वेडेपणा. मुंबईत ते ठेवायचे कुठे, हा प्रश्न उरतोच.

अमेरिकेतल्या मराठी घरांतून ही गोष्ट वेगळीच ऐकू येते. बे एरियातला भाऊ शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर गाडी काढतो, चार तासांत लेक टाहोला पोहोचतो, आणि १९६०चं हिवाळी ऑलिम्पिक जिथे झालं त्याच डोंगरावर शनिवारी सकाळी घसरतो. उतार दाबलेले, खुणा लावलेले, हिरवा सोपा आणि काळा अवघड. मात्र कोलोराडोतल्या नावाजलेल्या रिसॉर्टमध्ये हंगामाच्या दिवशी एका दिवसाचं लिफ्टचं तिकीटच तीनशे डॉलरच्या वर जातं. तेवढ्या पैशांत गुलमर्गला स्वतंत्र इन्स्ट्रक्टर आणि भाड्याचं सामान मिळून काही दिवस निघतात. पश्चिमेकडे त्याहून जवळ, समुद्रापलीकडे, दुबईच्या मॉलमध्ये २००५पासून चारशे मीटरचा बंदिस्त स्की-उतार आहे. तिथे बर्फ बारा महिने असतो आणि वर छप्पर. स्नो-प्लाउ पक्का करायला ते वाईट नाही. डोंगर मात्र तिथे नाही.

तीन दिवसांनी ज्याला कंटाळा आला, त्यानं एक अनुभव घेतला असं समजावं. ज्याला चौथा दिवस हवाच होता, त्याच्यासाठी पुढची पायरी सरकारी संस्थांची आहे. गुलमर्गची पर्यटन खात्याची संस्था आणि मनालीची अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था हिवाळ्यात साधारण दोन आठवड्यांचे प्राथमिक वर्ग घेतात. गढवाल मंडल विकास निगम औलीला सात आणि चौदा दिवसांचे वर्ग घेत आलंय. राहणं, जेवण, सामान आणि शिकवणी एकाच शुल्कात, आणि ते शुल्क खासगीपेक्षा बरंच कमी. पहाटे कवायत, डॉर्मिटरीत मुक्काम, मेसचं जेवण. तिथे गेलेला एकटा राहत नाही, पहिल्या संध्याकाळीच वीस-पंचवीस जणांच्या तुकडीत शिरतो. कॉलेजातल्या मुलांना हे सोपं. नोकरदाराला पंधरा दिवसांची सलग रजा हवी, त्यासाठी वर्षभर रजा साठवायला हवी, आणि डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र अर्जासोबत जोडायला हवं. जागा थोड्या असतात आणि लवकर भरतात, म्हणून तारखांवर पावसाळा संपल्यापासूनच नजर ठेवावी लागते.